क्लॅमची जागा आधी ठरवा, प्रवाळांची नंतर

प्रश्न : माझी सुमारे ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी दीड वर्षापासून नीट चालू आहे. वरच्या खडकांवर ॲक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा ही दगडी प्रवाळे, मधल्या भागात टॉर्च प्रवाळ आणि झोॲन्थस (प्रवाळांचे मऊ नातलग), आणि एका कोपऱ्यात बराच मोठा झालेला लेदर प्रवाळ आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी ७ सेंटिमीटरचा मॅक्सिमा जातीचा क्लॅम (समुद्री शिंपला) आणला आणि टॉर्चच्या पुढे वाळूवर मोकळी जागा दिसली म्हणून तेथे ठेवला. तो दोनदा सरकून आडवा पडला. आता त्याचे मॅन्टल, म्हणजे कवचाबाहेर पसरणारा मांसल पडदा, टॉर्चकडच्या बाजूने पुरते उघडत नाही. एकाने सांगितले की तो सर्वांत वरच्या खडकावर ठेवावा. दुसऱ्याने सांगितले की क्लॅम आणि प्रवाळ एकत्र ठेवूच नयेत. त्याला गोंदाने चिकटवावे का? आणि पुढे एक क्रोशिया जातीचा क्लॅम आणायचा विचार आहे, तो या टाकीत सामावेल का?

उत्तर : आपल्याला मिळालेल्या दोन सल्ल्यांपैकी दुसरा आधी निकालात काढू. हिंदी-प्रशांत महासागर आणि तांबडा समुद्र येथील प्रवाळभित्तींवर, मॅक्सिमा आणि क्रोशिया ज्यात मोडतात त्या ट्रायडॅक्ना वंशातील क्लॅम आणि प्रवाळ यांचा शेजार फार जुना आहे. क्रोशिया तर पोरायटिससारख्या घट्ट प्रवाळाच्या गोळ्यात स्वतः पोखरून जागा करतो आणि जवळजवळ कडेपर्यंत आत रुतून राहतो. क्लॅम आणि प्रवाळ या दोघांचेही पोषण मुख्यतः आपल्या शरीरात राहून प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या झूझॅन्थेली शैवालांवर चालते, दोघांनाही कवच किंवा सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट लागते, आणि म्हणूनच ज्या पाण्यात ॲक्रोपोरा तग धरून वाढतो त्या पाण्यात क्लॅमला सहसा काही कमी पडत नाही. आपल्या टाकीत ॲक्रोपोरा आहे, ही या दृष्टीने चांगली खूण आहे.

अडचण पाण्यात नसून मांडणीत आहे. प्रवाळाला शेजारी नकोसा झाला तर तो त्याला डंख मारतो, त्याच्यावर पाचक तंतू टाकतो किंवा पाण्यात रसायने सोडतो. क्लॅमपाशी यांपैकी काहीही नाही. तो फक्त मिटून घेऊ शकतो, आणि जितका वेळ मिटून राहील तितका वेळ त्याला प्रकाश, म्हणजेच अन्न, मिळत नाही. शिवाय एकदा त्याने आपल्या तळाकडील बिसस धाग्यांनी खडक धरला की त्याला उचलून दुसरीकडे ठेवणे धोक्याचे होते, तर खडकाच्या तुकड्यावरचा बहुतेक प्रवाळ हवा तेव्हा हलवता येतो. त्यामुळे माझे मत असे आहे की दोघांच्या टाकीत आधी क्लॅमची जागा ठरवावी आणि मग प्रवाळांनी त्याच्याभोवती जुळवून घ्यावे. आपण, आणि बहुतेक जण, याच्या उलट करतात: प्रवाळ मांडून झाल्यावर उरलेली मोकळी जागा क्लॅमला देतात. मात्र प्रवाळांच्या टाकीत मोकळी दिसणारी जागा बहुधा रिकामी नसते. रात्री तेथे कोणाचे तरी शुंडक, म्हणजे डंख मारणारा लवचिक अवयव, पोहोचते, म्हणूनच ती मोकळी राहिलेली असते.

टॉर्चच्या बाबतीत नेमके हेच घडत असावे. टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही युफायलिया गटातील प्रवाळे दिवसा जेवढी फुललेली दिसतात तेवढीच त्यांची पोहोच नसते. दिवे मालवल्यानंतर त्यांची काही शुंडके बारीक दोरीसारखी लांबतात, १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही पुढे जातात, आणि त्यांच्या टोकांवर डंखपेशी दाटलेल्या असतात. ही शुंडके पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे सर्व दिशांना सारखे अंतर ठेवणे पुरत नाही. क्लॅम प्रवाहाच्या वरच्या अंगाला असेल तर थोडे अंतरही चालते, खालच्या अंगाला असेल तर पुष्कळ अंतरही अपुरे पडते. खात्री करणे सोपे आहे. दिवे बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी लाल काच लावलेली विजेरी घेऊन टाकीजवळ बसावे आणि टॉर्चची शुंडके कुठवर जातात ते पाहावे. मॅन्टलला स्पर्श होताना दिसला तर निदान झालेच; दिसला नाही तरी एकाच बाजूने, आणि तीही नेमकी टॉर्चकडच्या बाजूने आखडणे ही डंखाची खूण आहे.

तरीही इतर कारणे एकदा नजरेखालून घालावीत, कारण त्यांवरचे उपाय निराळे आहेत. प्रवाह थेट अंगावर येत असेल तर मॅन्टलची कड सतत फडफडते किंवा दुमडून आत वळते. एखादा मासा टोचत असेल तर क्लॅम दिवसभरात वारंवार दचकल्यासारखा मिटतो. सेंट्रोपायजी गटातील बुटके एंजलफिश आणि बटरफ्लायफिश यांच्यावर पहिला संशय घ्यावा. मॅन्टलची कड अनेक ठिकाणी चिमटीत धरल्यासारखी आक्रसली असेल आणि तसे आक्रसलेले भाग दिवसेंदिवस वाढत असतील, तर तो एकपेशीय परजीवींमुळे होणारा विकार असू शकतो, आणि अशा वेळी त्याला इतर क्लॅमपासून वेगळे करणे गरजेचे ठरते. कवचाच्या कडेला आणि तळाकडच्या फटीपाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी आहेत का, हेही रात्रीच तपासावे. पिरॅमिडेलिड नावाच्या या गोगलगायी सोंड खुपसून क्लॅमचे रस शोषतात, दिवसा लपून राहतात आणि झपाट्याने वाढतात. सापडल्यास मऊ ब्रशने घासून काढाव्यात आणि कवचावर चिकटलेले त्यांच्या अंड्यांचे पारदर्शक पुंजकेही खरवडावेत. अंडी राहिली तर काही दिवसांनी तेच पुन्हा करावे लागते.

आता जागेविषयी. मॅक्सिमा हा खडकावरचा क्लॅम आहे. तो दोनदा आडवा पडला याचा अर्थ त्याला धरण्यासाठी कठीण पृष्ठभाग मिळत नाही आणि तो पायाच्या जोरावर सरकून तसा पृष्ठभाग शोधतो आहे. स्क्वॅमोसा आणि डेरासा या जातींना वाळू मानवते, विशेषतः मोठा डेरासा खडक धरण्याचे जवळजवळ सोडूनच देतो. मॅक्सिमा आणि क्रोशिया यांना मात्र वाळूवर नुसते ठेवू नये. विक्रीसाठीच्या छायाचित्रांत सगळ्याच जाती वाळूवर ओळीने मांडलेल्या दिसतात, पण ती काही दिवसांची सोय असते.

मात्र खडकावर ठेवायचा म्हणजे सर्वांत वर ठेवायचा, असे नाही. उंची ठरवावी ती प्रकाशावरून. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप, म्हणजे पॅर, मॅक्सिमासाठी साधारण २५० ते ४०० असावे. स्क्वॅमोसा आणि डेरासा १५० ते २५० मध्येही चांगले राहतात. एलईडीच्या दिव्याखाली टाकीच्या मध्यभागी आणि कोपऱ्यांत एकाच उंचीवर या मापात मोठा फरक पडतो. दिव्याच्या बरोबर खाली, निम्म्या उंचीवर असलेला खडक पुष्कळदा कोपऱ्यातल्या सर्वांत उंच खडकापेक्षा अधिक प्रकाशात असतो, म्हणून पॅरमापक कोणाकडून उसना मिळाला तर अवश्य मिळवावा. अगदी वर ठेवण्याचे तोटेही आहेत. तेथे प्रवाह सर्वांत जोरकस असतो, क्लॅम निसटला तर खाली टॉर्चवर किंवा झोॲन्थसवर पडतो, आणि दचकून मिटताना तो जी पिचकारी सोडतो तिचे खारे पाणी थेट दिव्यावर उडते. आपल्या टाकीत मला मधल्या थराचा, दिव्याखालचा, टॉर्चपासून किमान २० सेंटिमीटर दूर आणि त्याच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाचा एखादा सपाट खडक योग्य वाटतो. तशी जागा टॉर्चनेच अडवली असेल तर टॉर्च हलवावा. त्याला मध्यम प्रकाश आणि मंद प्रवाह पुरतो. खालचा, बाजूचा कोपरा त्याला उलट अधिक मानवेल.

ॲक्रोपोरा हा क्लॅमचा त्या मानाने चांगला शेजारी आहे. त्याची शुंडके आखूड असतात, त्यामुळे ७-८ सेंटिमीटरचे अंतर डंखापुरते पुरते. तेथे चिंता वेगळी करावी लागते, ती सावलीची. टेबलासारखा आडवा पसरणारा ॲक्रोपोरा आणि ताटासारखा वाढणारा मॉन्टिपोरा हे वर्ष-दीड वर्षात क्लॅमच्या डोक्यावर छप्पर धरतात, आणि हा बदल इतका संथ असतो की क्लॅमचा रंग उतरू लागेपर्यंत लक्षातही येत नाही. क्लॅमही वाढतोच: निसर्गात मॅक्सिमा ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि मॅन्टल कवचाच्या कडेबाहेर पसरते ते निराळे. म्हणून आज ७ सेंटिमीटरच्या प्राण्याभोवती जे अंतर अवाजवी वाटेल तेच ठेवावे. प्रवाहाच्या बाबतीत दोघांच्या गरजा जुळत नाहीत. ॲक्रोपोराला खळबळीचा, दिशा बदलणारा जोरदार प्रवाह हवा असतो, तर क्लॅमला मॅन्टल जेमतेम हलेल एवढाच. ॲक्रोपोराच्या खडकाआड, पण त्याच्या सावलीबाहेर, असा कोपरा शोधल्यास दोघांचेही भागते.

गोंदाचा विचार सोडून द्यावा. कवचाच्या तळाशी, बिजागरीजवळ जी फट असते तिच्यातूनच पाय आणि बिसस धागे बाहेर येतात. ती बुजली किंवा तिच्यात गोंद शिरला तर प्राण्याला इजा होते. त्याला दोन खडकांच्या बेचक्यात घट्ट बसवणेही टाळावे, कारण कवच पुरते उघडायला जागा उरत नाही. त्याऐवजी तळहाताएवढा सपाट खडकाचा तुकडा, मध्ये थोडा खळगा असलेला, वाळूत बसवावा आणि क्लॅम त्या खळग्यात उभा ठेवावा. काही दिवसांत तो त्याला धरील. मग त्या तुकड्यासकट त्याला कायमच्या जागी नेऊन तो तुकडा मोठ्या खडकावर पक्का करता येतो. या युक्तीचा आणखी एक लाभ म्हणजे पुढे काही बिनसले तर क्लॅम न सोडवता तुकडाच उचलता येतो.

हे करण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. दोन आठवड्यांत त्याने वाळूखालच्या एखाद्या खड्याला किंवा थेट तळाच्या काचेला धरलेले असू शकते. उचलताना किंचितही विरोध जाणवला तर ओढू नये. बोटांनी खालची वाळू बाजूला करावी, खडा असेल तर खड्यासकट उचलावे, आणि काच धरली असेल तर पातळ पात्याने धागे काचेलगत, म्हणजे प्राण्यापासून शक्य तितक्या दूर, कापावेत. धागे कापल्याने काही बिघडत नाही, तो नवे तयार करतो; पण ओढाताणीत धाग्यांच्या मुळाशी असलेली ग्रंथी फाटली तर वरवर ठणठणीत दिसणारा क्लॅम पुढच्या काही आठवड्यांत मरतो. क्लॅम घरी आणल्यानंतर मरण्याची जी कारणे अकारण गूढ मानली जातात त्यांपैकी पुष्कळांचे मूळ येथेच असावे, असे मला वाटते.

प्रकाशाची सवय लावणे हे मिश्र टाकीत थोडे अवघड असते. फक्त क्लॅम असता तर दिवा मंद करून हळूहळू वाढवता आला असता, पण तसे केल्यास ॲक्रोपोराचे हाल होतात. म्हणून दिव्याला हात न लावता क्लॅमचा तुकडाच दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर न्यावा. जागा सुरुवातीपासून तीच ठेवायची असेल तर पाण्याच्या वर, त्याच्या बरोबर डोक्यावर, बारीक जाळीचे दोन-तीन थर टाकून दर काही दिवसांनी एकेक थर काढावा. मॅन्टल कवचाबाहेर अतिशय ताणून पसरले असेल तर त्याला प्रकाश कमी पडतो आहे, असे बहुधा समजावे. रंग फिका पडून पांढरट चट्टे उमटू लागले तर तो प्रकाश, उष्णता किंवा उपासमार यांपैकी कशाने तरी विटतो आहे आणि घाईने आणखी प्रकाश देण्याची ती वेळ नव्हे.

कोपऱ्यातल्या लेदर प्रवाळाकडे आपले फारसे लक्ष गेलेले दिसत नाही, पण माझे गेले. सार्कोफायटन, सिन्युलेरिया, लोबोफायटन ही मऊ प्रवाळे टर्पीन गटातील रसायने पाण्यात सोडून दूरच्या शेजाऱ्यांनाही त्रास देतात. समुद्रात ती विरून जातात. ३०० लिटरमध्ये तेच पाणी फिरून फिरून सर्वांच्या अंगावरून जाते. त्यासाठी लेदर काढून टाकण्याची गरज नाही, मात्र ही रसायने शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन सतत चालू ठेवावा, तो तीन-चार आठवड्यांनी बदलावा, आणि लेदर छाटायचा झाल्यास तो टाकीबाहेर छाटावा. काही काळाने तो मिटून मेणासारखी साल टाकतो; ती साल वाहत जाऊन क्लॅमवर बसू नये म्हणून दिसताच काढावी.

झोॲन्थसचा डंख सौम्य असतो, पण ते पसरतात. क्लॅमच्या खडकावर पोहोचले की कवचावर चढतात आणि मॅन्टलच्या कडेला सतत टोचत राहतात. वाळूच्या पट्ट्याने वेगळा केलेला खडक हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. हिरवे स्टार पॉलिप आणि झेनिया या पसरणाऱ्या मऊ प्रवाळांनाही तोच न्याय लावावा. झोॲन्थस आणि त्यांचे भाईबंद पॅलिथोआ यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून त्यांना खरवडताना हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि त्यांचा खडक कधीही उकळत्या पाण्यात घालू नये. ॲनिमोनी, म्हणजे समुद्रफूल, मात्र या टाकीत आणूच नये. ती चालते, आणि कुठे थांबेल हे ती ठरवते.

पाण्याविषयी थोडक्यात: क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, तापमान २४ ते २७ अंश, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेटांचे माप) ८ ते ९ डीकेएच या एककात, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. क्लॅम वाढू लागला की अल्कलिनिटीचा रोजचा खप वाढतो आणि त्याचा पहिला फटका ॲक्रोपोराच्या टोकांना बसतो, तेव्हा पहिले दोन महिने ती दोन-तीन दिवसांआड मोजून टाकीत घालायच्या कार्बोनेटचा डोस जुळवावा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हव्यास धरू नये. क्लॅम पाण्यातला विरघळलेला नायट्रोजन थेट शोषून आपल्या शैवालांना देतो. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर त्यालाही आणि प्रवाळांनाही पोषण मिळते. ५ सेंटिमीटरहून लहान क्लॅमला जिवंत वनस्पतिप्लवकांचा खुराक द्यावा असे मी सुचवीन, पण आपल्या ७ सेंटिमीटरच्या क्लॅमला चांगला प्रकाश आणि टाकीत जेवणारे मासे एवढे पुरेसे आहे. टॉर्चला कोळंबीचे तुकडे भरवत असाल तर एक तुकडाही क्लॅमवर पडू देऊ नये. तो पळवण्यासाठी आलेल्या झिंग्यांची आणि खेकड्यांची पावले मॅन्टलवर पडतात. तांबे असलेले कोणतेही औषध टाकीत घालू नये, हे आपल्याला ठाऊक असेलच.

क्रोशियाविषयी. क्लॅम एकमेकांना डंख मारत नाहीत, त्यामुळे मॅक्सिमाशेजारीच तो ठेवता येईल, दोघांच्या वाढीपुरती जागा सोडली म्हणजे झाले. क्रोशिया १५ सेंटिमीटरच्या आसपासच थांबतो, परंतु प्रकाशाची त्याची मागणी मॅक्सिमाएवढी किंवा त्याहून थोडी अधिक असते, म्हणून त्याच मधल्या खडकाची दिव्याखालची जागा आत्ताच मोकळी ठेवावी आणि तेथे नवा प्रवाळ लावू नये. मॅक्सिमाचे मॅन्टल सर्व बाजूंनी सारखे उघडू लागून दोन-तीन महिने होईपर्यंत खरेदी टाळावी. ट्रायडॅक्ना क्लॅम आणि दगडी प्रवाळ हे दोन्ही वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा आपल्या देशात ते बाळगण्याचे नियम पाहून, संवर्धनकेंद्रात वाढवलेला आणि कागदपत्रे असलेला प्राणीच घ्यावा. ५ सेंटिमीटरहून मोठा, हाताची सावली पडताच चटकन मिटणारा आणि पाणी आत घेण्याचे छिद्र आ वासून उघडे न ठेवणारा क्लॅम निवडावा, आणि विक्रेत्याने तो कशापासून कसा सोडवला हे विचारून त्याच्या तळाकडची फट स्वतः पाहून घ्यावी.